शनिवार दुपार, चार पोरं आणि एक चुलवाण

परवा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या इंजिनिअरचा फोन आला, मॅडम तुम्ही कॉलेजच्या पोरांना फायनल इयर प्रोजेक्टला मेंटर म्हणून जाता ना, मलाही यायचंय, पण तिथं जाऊन नेमकं करायचं काय असतं? फोनवर सांगायला लागले आणि पाऊण तास झाला तरी संपेना. म्हटलं लिहूनच काढते, अजून कोणाला उपयोग झाला तर होईल.

मी गेली वीसेक वर्षं फिक्श्चर आणि एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेली खास मशीन, डिझाइन करतेय. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग मशीनवर नीट पकडायचं कसं, तेच माझं रोजचं काम. आणि सात वर्षं झाली, जुलै ते एप्रिल शनिवारी दुपारी दोन तास एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकलच्या एका ग्रुपला देते. पैसे घेत नाही, कॉलेजचे गाइड सर वेगळे असतात, मार्क देणं माझ्या हातात नाही. मुलं येतात, त्यांनी काय केलं ते बघते, प्रश्न विचारते, कधी वर्कशॉपला घेऊन जाते. एवढंच.

हे का करते ते आधी सांगते. मी २००३ ला बीई झाले. आमच्या ग्रुपने फायनल इयरचा प्रोजेक्ट विकत घेतला होता. ऑटोमॅटिक न्यूमॅटिक बंपर, म्हणजे हवेच्या सिलिंडरने पुढं सरकणारा गाडीचा बंपर. त्या काळी प्रत्येक कॉलेजात एक तरी असायचाच, आणि प्रोजेक्ट बनवून देणारी दुकानं होती, पैसे दिले की मॉडेल आणि ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा छापील रिपोर्ट, दोन्ही हातात. आम्ही चौघांनी वर्गणी काढली, मॉडेलला रंग मारला आणि सबमिट केलं. चांगले मार्क पडले. त्या सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, किती आणि तो तेवढाच का, हे आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं. मग नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मला एक साधा लोकेटर, म्हणजे जॉब मशीनवर ठरल्या जागी बसवणारा भाग, डिझाइन करायला दिला आणि मी दोन दिवस कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसले. पुस्तकातलं सगळं पाठ होतं, पण सुरुवात कुठून करायची हे चार वर्षांत एकदाही करायची वेळ आली नव्हती. शेवटी आमच्या शॉपमधल्या एका वयस्कर फिटर काकांनी हाताला धरून शिकवलं, ड्रॉइंग बघून म्हणायचे, पोरी हा बोल्ट आवळायला पाना कुठून घालू सांग. वर्षभर रोज असे प्रश्न. ते काका भेटले नसते तर मी हे क्षेत्र सोडलं असतं हे मी अगदी खात्रीने सांगते. सगळ्यांनाच असे काका भेटतात असं नाही, आणि जे नोकरीत भेटायचं ते कॉलेजातच का भेटू नये, इतकं सरळ कारण आहे माझं.

आता त्या ग्रुपची गोष्ट सांगते, दोन वर्षांपूर्वीची. बाकी सहा ग्रुपांबद्दल लिहीत नाही, कारण मेंटर म्हणून जे काही शिकले ते बरंचसं या एकाच वर्षात शिकले.

दोन मुली, दोन मुलगे. जुलैत पहिल्या शनिवारी आले ते टायटल ठरवूनच आले. स्मार्ट गुऱ्हाळ. टेम्परेचर सेन्सर, मोबाइल ॲप, ऑटोमॅटिक फीडिंग, सगळं होतं त्यात. आमच्या भागात गुऱ्हाळाचा विषय पोरांना सुचणं साहजिक आहे, कोल्हापूरची शाहूपुरी पेठच मुळात शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसवली, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. घराघरात कोणाचा तरी ऊस असतोच. मी विचारलं, तुमच्यापैकी गुऱ्हाळावर कोण गेलंय? चौघांनी हात वर केले. मग विचारलं, काकवी प्यायला सोडून आणखी कशासाठी कोण गेलंय? सगळे हात खाली.

मग ऑगस्टमध्ये भर पावसात आम्ही करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेलो. गुऱ्हाळ बंद होतं, सीझन दिवाळीच्या आसपास सुरू होतो. पण बंद गुऱ्हाळ बघण्याचा एक मोठा फायदा असतो, चुलवाणात, म्हणजे रसाच्या कढईखालच्या भट्टीत, वाकून बघता येतं, टेप लावता येतो. तोंड किती बाय किती, आत जाळी किती खोल, काहिलीचा, म्हणजे त्या मोठ्या कढईचा, व्यास किती, धुराडं कुठं. पोरांनी चार पानं मापं लिहून घेतली. मालकांनी आकडे दिले, एका काहिलीला साधारण हजार लिटर रस, गूळ निघतो दोनशे किलोच्या आसपास, एक आदण, म्हणजे एका काहिलीचा गूळ, उतरायला अडीच तास. आणि सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो असं विचारलं तर म्हणाले, जळव्या मिळत नाही हो ताई. गुळव्या मिळतो, जळव्या मिळत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गुळव्या म्हणजे गुळाचा पाक ओळखणारा, पाण्यात गोळी टाकून बोटांनी बघतो आणि काहील कधी उतरवायची ते ठरवतो. आणि जळव्या म्हणजे चुलवाणाच्या तोंडाशी बसून सतत वाळलेलं चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, आत टाकणारा. दिवसाला चार-पाच आदणं, प्रत्येक वेळी अडीच तास त्या धगीसमोर. म्हातारी माणसं उरलीत या कामात, पोरं येत नाहीत, आणि का यावं.

परत येताना गाडीत कोणीच ॲपचा विषय काढला नाही. मी काही बोलले नव्हते. पुढच्या शनिवारी टायटल बदलून आलं, चुलवाणात चिपाड टाकायचं साधन. गाइड सरांना ते टायटल जरा साधं वाटलं, युनिव्हर्सिटीच्या फॉरमॅटमध्ये भारदस्त दिसायला हवं म्हणाले, त्यांचं पण बरोबर होतं, त्यांना रिव्ह्यूमध्ये उत्तर द्यावं लागतं. मग इंग्रजीत लांबलचक नाव दिलं आणि काम तेच ठेवलं. इथं एक सांगते, कॉलेजच्या गाइडला बाजूला टाकून कधीही काही करू नका. त्या सरांकडे पाच ग्रुप, शिवाय लेक्चर, शिवाय ॲक्रेडिटेशनच्या फायली. त्यांच्याकडे वेळ नसतो म्हणून तर आपली गरज आहे. मी दर महिन्याला त्यांना जाऊन भेटते, मुलांसमोर त्यांच्या शब्दाला धक्का लागेल असं बोलत नाही.

पहिला महिनाभर मी कॅड उघडू देत नाही, हा माझा एकमेव हट्ट. कारण स्क्रीनवर मॉडेल फिरायला लागलं की पोरांना वाटतं डिझाइन झालं. त्याऐवजी म्हटलं, मिनिटाला किती चिपाड लागतं ते मला काढून दाखवा. हजार लिटर रसातून दोनशे किलो गूळ, म्हणजे आठशे किलोच्या वर पाणी उडवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २२६० किलोज्यूल, आधी रस तापवायची उष्णता वेगळी, सगळं मिळून २१०० मेगाज्यूलच्या घरात. वाळल्या चिपाडाची उष्णता किलोला १५ मेगाज्यूल धरली, आणि उघड्या चुलवाणात चार हिस्स्यांतला एकच हिस्सा रसापर्यंत पोचतो असं धरलं तर एका आदणाला साडेपाचशे किलो चिपाड. अडीच तासांत. म्हणजे मिनिटाला पावणेचार किलो. हे गणित थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या दोन चॅप्टरमधलं आहे, चौघांनी सेकंड इयरला त्यात पेपर दिलेला, पण ते असं कुठं वापरतात हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं. एका मुलाचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणाला मॅडम हे खरंच निघतंय की.

आणि दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झाल्यावर आम्ही वजनकाटा घेऊन गेलो. जळव्या मामा चिपाड टाकत होते, पोरांनी ढीग आधी मोजला, दहा मिनिटांनी उरलेला मोजला. अडतीस किलो गेलं होतं. मिनिटाला पावणेचार! अंदाजाने धरलेल्या आकड्यांवरून इतकं जुळेल अशी मलाही अपेक्षा नव्हती, थोडा योगायोग आहेच त्यात, ते पण मी त्यांना सांगितलं. पण कागद आणि चुलवाण जुळल्यावर पोरांच्या अंगात जे येतं ते कुठल्याही लेक्चरने येत नाही.

त्या दिवशी मामांनी एक वाक्य सांगितलं होतं. हात चालू ठेवूनच म्हणाले, "गठ्ठा टाकला की धूर हुतोय, पसरून टाकला की जाळ हुतोय." ग्रुपमधल्या एका मुलीने ते वहीत लिहून घेतलं. त्याचा अर्थ तेव्हा आमच्यापैकी कोणालाच पुरता लागला नाही, मला पण नाही. पुढे बघा काय झालं.

पोरांचं पहिलं डिझाइन होतं स्क्रू कन्व्हेअर, म्हणजे नळीत फिरणारा लांब स्क्रू माल पुढं ढकलतो ते. एक एचपीची मोटर, गिअरबॉक्स, वर चिपाड ओतायचा हॉपर. मला बघताक्षणी कळलं की हे अडकणार, चिपाडाचे लांब धागे असतात, ते शाफ्टला गुंडाळत जातात आणि पाच मिनिटांत सगळं जाम. मी सांगितलं नाही. हे सांगायचं नाही असं ठरवणं मला दरवर्षी जड जातं, कारण आपल्याला उत्तर येत असतं आणि समोरचं पोर चुकीच्या रस्त्याने चाललेलं दिसत असतं, कंपनीत तर असं गप्प बसणं म्हणजे गुन्हाच, तिथं डिलिव्हरी असते. पण इथं मी फक्त एवढंच म्हटलं, की लोखंडात पैसे घालायच्या आधी प्लायवूड आणि पीव्हीसी पाइपात छोटं करून बघा, हाताने फिरवा, आणि खरं चिपाड आणा. केलं त्यांनी. सहाशे रुपये आणि दोन आठवडे गेले. हँडल तिसऱ्या फेऱ्यालाच अडकलं, उलटं फिरवलं तरी सुटेना, शेवटी ब्लेडने धागे कापून काढावे लागले. त्या मुलांनी ते धागे गुंडाळलेला रॉड रिव्ह्यूला टेबलवर तसाच ठेवला आणि इथून आम्ही डिझाइन बदलतोय असं पॅनेलला सांगितलं. मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटला.

पण सगळीकडे गप्प बसायचं नसतं, हे पण सांगायला हवं. एका स्केचमध्ये चिपाडाचा हॉपर सरळ चुलवाणाच्या तोंडावर उभा होता, मधे काही नाही. जाळ उलटा फिरला तर तो थेट वाळल्या चिपाडाच्या ढिगात शिरणार. तिथं मी त्याच क्षणी पेन्सिल हातात घेतली आणि कागदावर काट मारली, मधे झडप हवी आणि ती आपल्या वजनाने बंद होणारी हवी, यावर चर्चा नाही. माझा हिशोब असा आहे, चुकीमुळे पैसे किंवा वेळ जाणार असेल तर पोरांना चुकू द्यावं, हात-पाय किंवा जीव जाणार असेल तर लगेच थांबवावं. नवीन मेंटर बहुतेक वेळा याच्या उलट करतात, डिझाइनमधली बारीकसारीक चूक लगेच सुधारून देतात आणि सेफ्टीचं कॉलेज बघून घेईल असं धरून चालतात.

आता माझी चूक. डिसेंबरमध्ये आमच्या कंपनीत एका मोठ्या ऑर्डरचं डिस्पॅच होतं आणि मी लागोपाठ तीन शनिवार गेले नाही. पहिल्या वेळी मेसेज टाकला, दुसऱ्या वेळी पण टाकला, तिसऱ्या वेळी तो पण राहिला. मला वाटलं मोठी मुलं आहेत, करतील. त्यांनी काहीच केलं नाही. स्क्रू फेल गेलेला, पुढं काय ते सुचत नव्हतं, सेमिस्टरची परीक्षा तोंडावर, आणि ज्यांनी दर आठवड्याला येऊन बघायचं ती बाई गायब. जानेवारीत गेले तेव्हा चौघं खाली मान घालून बसलेले, आणि त्यातल्या वहीवाल्या मुलीने हळूच सांगितलं की मॅडम आम्ही एका ठिकाणी कोटेशन काढलंय, तयार करून देतो म्हणालेत, एप्रिलपर्यंत मिळेल.

मी काही क्षण बोलूच शकले नाही. मी स्वतः वीस वर्षांपूर्वी ज्या दारातून आत गेले होते त्याच दारात या पोरांना मी आणून उभं केलं होतं, तीन शनिवार न जाऊन. मी त्यांना रागावले नाही, रागवायचा अधिकारच नव्हता. माझ्या न्यूमॅटिक बंपरची गोष्ट सांगितली, पहिल्या नोकरीतले ते दोन दिवस सांगितले, आणि मी आले नाही ही माझी चूक आहे असं स्पष्ट म्हटलं. मग म्हटलं, आज काही नवीन करायचं नाही, वही काढा आणि पहिल्या पानापासून वाचू. तेव्हापासून एक नियम केलाय, जमणार नसेल तर आदल्या गुरुवारी कळवायचं आणि त्याऐवजी रात्री अर्धा तास फोनवर बसायचं, अगदी काहीही झालं तरी. ज्यांना मेंटर व्हायचंय त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, तुमचं ज्ञान थोडं कमी असलं तरी चालेल, पण ज्या वारी येतो म्हणालात त्या वारी जा.

त्या वही वाचण्यात दोन गोष्टी सापडल्या.

एक म्हणजे, मिनिटाला पावणेचार किलो हे पोरांनी लिहून ठेवलं होतं पण वापरलं नव्हतं. मी विचारलं, पावणेचार किलो म्हणजे आकाराने किती? दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये चिपाड भरून वजन केलं, अकरा-साडेअकरा किलो. म्हणजे मिनिटाला सत्तर लिटरच्या आत. तीस बाय तीसच्या चौकोनी नळीत चाळीस सेंटिमीटर पुढं ढकललं तर एका वेळी छत्तीस लिटर जातं. मिनिटाला दोन वेळा ढकललं की झालं! दोन वेळा. त्याला मोटर कशाला, गिअरबॉक्स कशाला, माणूस लांब उभा राहून लिव्हरने ढकलेल की. चौघं एकमेकांकडे बघत राहिले. इतके महिने ज्या मोटरची स्पेसिफिकेशन काढत बसलेले ती मोटर एका भागाकाराने उडून गेली. पंधरा हजारांचं बजेट नऊवर आलं, आणि गुऱ्हाळावर लाइट गेली तरी चालणार.

दुसरी म्हणजे मामांचं वाक्य. मुलीने ते मोठ्याने वाचलं आणि मग स्वतःच म्हणाली, पण मॅडम आपण तर गठ्ठाच ढकलणार ना? खोली एकदम शांत झाली. मामा मूठभर चिपाड मनगटाला झटका देऊन फेकायचे, ते हवेतच सुटं व्हायचं आणि जाळीवर पडेपर्यंत पेट घ्यायचं. आमचा पुशर छत्तीस लिटरचा दाबलेला ठोकळा आत टाकणार, तो आतून कच्चाच राहणार आणि धुमसणार. म्हाताऱ्या माणसाने एका वाक्यात हवा आणि इंधन कसं मिसळायचं ते सांगितलं होतं, आणि आम्ही पाच इंजिनिअर ते वहीत ठेवून दोन महिने बसलो होतो.

मग पोरांनी नळीच्या शेवटी एक उतरता पत्रा दिला, त्यावर त्रिकोणी फट्ट्या, म्हणजे ठोकळा त्यावर पडून फुटेल आणि सुटा होऊन जाळीवर घसरेल. कल्पना पूर्ण त्यांची, मी फक्त उताराचा अँगल बदलता येईल असा ठेवा म्हटलं, कारण तो पहिल्यांदा बरोबर येणारच नव्हता.

या नव्या डिझाइनसाठी कॅड उघडलं, आणि पहिल्या ड्रॉइंगमध्ये पुशर आणि नळीला एच-सेव्हन, जी-सिक्सचं, म्हणजे काही मायक्रॉनच्या फटीचं, फिट दिलेलं. पुस्तकात स्लायडिंग फिट म्हणून तेच असतं ना. मी विचारलं, ही नळी कुठं बसणार आहे? चुलवाणाच्या तोंडाशी. तापेल किती? चारशे डिग्री म्हणू. मग तीनशे मिलिमीटरचं लोखंड चारशे डिग्रीला किती वाढतं ते काढा. निघालं जवळजवळ दीड मिलिमीटर. मायक्रॉनमधलं फिट दिलंय आणि वाढ मिलिमीटरमध्ये. शेवटी चारी बाजूंनी पाच मिलिमीटर गॅप सोडली, जी उद्यमनगरातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला टेप लावून करता येते. आणखी एक, झडपेच्या बिजागरीचं वेल्डिंग अशा कोपऱ्यात दाखवलेलं की तिथं रॉड जाणारच नाही. ते मी सांगितलं नाही, ड्रॉइंग घेऊन त्यांना वेल्डरकडेच पाठवलं. ते परत आले तेव्हा ड्रॉइंगवर वेल्डरने खडूने केलेल्या तीन खुणा होत्या, आणि तिन्ही बरोबर होत्या.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गुऱ्हाळावर ट्रायल. पहिलं आदण वाईट गेलं, धूर इतका की गुळव्यांनी शिव्या घातल्या, रस उकळायला नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त लागला. पोरं रडकुंडीला आलेली. मामांनी लिव्हर हातात घेतली, थोडा वेळ बघितलं आणि पूर्ण ढकलायच्या ऐवजी अर्धं-अर्धं ढकलायला लागले, मिनिटाला चार वेळा. धूर कमी झाला. पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही, मामांच्या हाताची सर त्या पत्र्याला आली नाही. दुसऱ्या आदणाला वेळ मात्र नेहमीइतकाच लागला. मामा एरवी बसतात तिथं थर्मामीटर टांगला होता, ५१ दाखवत होता, लिव्हरपाशी पत्र्याच्या आडोशाला ३८. हा तेरा डिग्रीचा फरक म्हणजे त्या पोरांचा प्रोजेक्ट. संध्याकाळपर्यंत उतरता पत्रा तापून वाकडा झाला, मग मी ओळखीच्या एका फाउंड्रीतून बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, जुना प्लेट-तुकडा मिळवला, भट्टीसमोर बीड टिकतं हे तर कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत, पण आमच्या डिझाइनमध्ये ते सुचलं नव्हतं, आणि ही चूक मला पण आधी दिसली नाही.

आता त्या इंजिनिअर मित्राच्या प्रश्नाकडे येते. दोन-तीन गोष्टी आहेत ज्यांबद्दल मला फार वाटतं. कंपनीचं अडलेलं काम पोरांच्या गळ्यात मारू नका. मी हे बघितलंय, प्रोजेक्ट म्हणून चाळीस जुनी ड्रॉइंग थ्रीडी करून घेतात, पोरं वर्षभर फुकट ड्राफ्ट्समन बनतात आणि शेवटी ब्लॅक बुकमध्ये गोपनीय म्हणून काही छापताही येत नाही. नोकरी लावतो असं सूचित पण करू नका, ते पोर मग तुमच्या चुकीच्या मताला पण हो म्हणतं. आणि उद्घाटनाला आणि शेवटच्या प्रदर्शनाला येऊन फोटो काढून जाणारे पाहुणे कॉलेजला भरपूर मिळतात, एमओयूवर सह्या करणारे पण मिळतात, मधल्या तीस शनिवारांना कोणी नसतं. बाहासारख्या स्पर्धांना बघा, कॉलेजच्या पोरांनी स्वतः खडबडीत रस्त्याची गाडी बनवून पळवायची, २००७ ला पिथमपूरला सुरू झाली, तिथं इंडस्ट्रीतली कितीतरी माणसं सुट्टी टाकून इन्स्पेक्शनला जातात, गाडीच्या खाली झोपून एकेक वेल्ड बघतात, आणि मुलं त्यांचं नाव वर्षानुवर्षं काढतात. असं कोणीतरी साध्या फायनल इयर प्रोजेक्टला का नसावं? स्पर्धेतली गाडी बनवणारी पोरं पंचवीस-तीस असतात, वर्गातली बाकीची पोरं पण इंजिनिअरच होणार आहेत ना.

आणि तयारी काय लागते विचारत होतास, तर फार काही नाही. मी एक वजनकाटा, एक पाच मीटरचा टेप, व्हर्निअर आणि जाड कव्हरची एक वही देते पहिल्या दिवशी. वही ग्रुपची, घरी कोण नेणार ते त्यांनी ठरवायचं. काही येत नसेल तर मला पण येत नाही, आपण कोणाला विचारू या, असं सरळ म्हणते. मला हीट ट्रान्सफर फारसं येत नाही, बॉयलरमध्ये काम करणाऱ्या एका मैत्रिणीला दोनदा फोन लावून दिला, पोरं तिच्याशी बोलली. तेवढं पुरलं.

प्रोजेक्टला मार्क बरे पडले, टॉपर आले नाहीत. जुलैपर्यंत चौघंही नोकरीला लागले, दोघं चाकणला, एक बंगळुरूला, आणि वहीवाली मुलगी इथंच गोकुळ शिरगावला.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर गुऱ्हाळ मालकांचा फोन आला. मला वाटलं साधन भंगारात टाकलं म्हणून सांगतायत. तर म्हणाले, मामा म्हणत्यात दांडा वीतभर लांब पायजे, आणि त्या पत्र्याला डोळा पाडा, आतला जाळ दिसत न्हाई. मी ग्रुपवर मेसेज टाकला, काही अपेक्षा नव्हती, नवीन नोकऱ्या आहेत, कशाला येतील. रविवारी सकाळी आठला वहीवाली मुलगी स्कूटरवरून वेल्डिंगचा चष्मा घेऊन हजर, आणि चाकणवाल्यांपैकी एक रात्रीची एसटी पकडून आलेला. मामांना त्यांनी आधी लिव्हर धरून उभं राहायला सांगितलं, मग डोळ्यांची उंची टेपने मोजली, वहीत लिहिली, आणि मगच पत्र्यावर खूण केली. माझ्याकडे कोणी बघितलं पण नाही.